रविवारच्या पहाटे कोणीही गात नव्हते

वाचकाचे पत्र (एप्रिल २०२१)

ताई, सप्रेम जय ख्रिस्त.

मी श्रीरामपूर तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये माझे वडील कोविडने गेले. दवाखान्याच्या दारात रिक्षातून उतरताना त्यांना पाहिले, तेच शेवटचे. कबरस्तानात आम्हाला फाटकाबाहेर उभे केले होते. पांढऱ्या पोशाखातील चौघांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह दोरांनी खाली सोडला, पाळकसाहेबांनी लांबूनच छोटी प्रार्थना केली आणि पाऊस आल्यामुळे सगळे पांगले. मूठमातीसुद्धा देता आली नाही.

पप्पा आयुष्यभर मंडळीत पेटी वाजवत. त्यांच्या गीतांच्या वहीत प्रत्येक गीताच्या डोक्यावर पेन्सिलने राग आणि ताल लिहिलेला आहे. ती वही मी अजून उघडलेली नाही.

आज इस्टरची उपासना आम्ही फोनवर ऐकली. ‘ख्रिस्त उठला आहे’ असे पाळकसाहेब म्हणाले, आईने ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर दिले आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी उठून भांडी घासायला गेले. मंडळीतील एक मावशी म्हणतात की, तुमच्या घरात बायबलमधले एक्क्याण्णवावे स्तोत्र रोज म्हटले गेले असते तर असे झाले नसते. त्यांच्या घरी कोणाला काही झाले नाही. आई लस घ्यायला तयार नाही, कारण फोनवर येणारे एक उपदेशक लस घेणे म्हणजे अविश्वास असे सांगतात. आणि माझा दहा वर्षांचा मुलगा विचारतो, येशू तिसऱ्या दिवशी उठला, मग आजोबा कधी उठणार?

माझा विश्वास मेला आहे का? तसे असेल तर मंडळीत उभे राहून गाणे हा खोटेपणा नाही का?

सल्ला

प्रिय भगिनी,

ज्या दिवशी तुम्ही हे पत्र लिहिले त्या ४ एप्रिल २०२१ला, म्हणजे खुद्द इस्टरच्या रविवारी, महाराष्ट्रात एका दिवसात ५७ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून प्रार्थनास्थळे पुन्हा बंद ठेवण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. गेल्या वर्षी १२ एप्रिलचा इस्टर टाळेबंदीत गेला तेव्हा ‘पुढच्या वर्षी पहाटेच्या उपासनेत भेटू’ असे आपण एकमेकांना सांगत होतो. तेव्हा यंदा ज्यांच्या घशात ते उत्तर अडकले अशी घरे पुष्कळ असणार. पण दुःखात भागीदार पुष्कळ आहेत हे ऐकून कोणाचे दुःख हलके झाल्याचे मी पाहिलेले नाही, म्हणून त्या सांत्वनावर मी विसंबणार नाही.

तुमचा विश्वास मेलेला नाही, असे मला वाटते. त्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. ज्याचा विश्वास संपला त्याला ‘खरोखर उठला आहे’ हे शब्द सहज म्हणता येतात, कारण त्या शब्दांचे त्याला काहीच पडलेले नसते. तो सणासुदीला म्हणतो तसे म्हणून मोकळा होतो. तुम्हाला ते म्हणवले नाहीत, कारण ते खरे असतील तर पप्पांच्या बाबतीत त्यांचा काय अर्थ, हा हिशेब तुमच्या मनात अजून मिटलेला नाही. हा हिशेब मांडणारी व्यक्ती विश्वासाच्या बाहेर पडलेली नसते.

तुम्ही स्वतःला ज्या इस्टरशी ताडून पाहत आहात तो आपल्या मंडळ्यांमधला इस्टर आहे. पहाटे कबरस्तानातील उपासना, कबरींवर फुले आणि मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या, पेटी-तबल्यावर रंगलेले भजन, नंतर चहा आणि गाठीभेटी हे सगळे चांगलेच आहे. पण ते पुढच्या पिढ्यांनी, काय घडले ते कळल्यानंतर, शांतपणे रचलेले आहे. शुभवर्तमानांतील, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांतील, पहिल्या रविवारी पहाटे कोणीही गात नव्हते. तो रविवार समजून घ्यायचा तर आधी शुक्रवारची संध्याकाळ पुन्हा वाचायला हवी, आणि या वर्षी तुमच्याइतकी ती कोणाला कळेल असे मला वाटत नाही.

त्या संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता, म्हणून येशूचे दफन घाईघाईने उरकावे लागले. शिष्य पळून गेलेले होते. अरिमथाईकर योसेफाने रोमन सुभेदार पिलाताकडून देह मागून घेतला, तागाच्या वस्त्रात गुंडाळला, खडकात खोदलेल्या कबरेत ठेवला आणि दाराशी धोंड लोटली. शुभवर्तमानकार योहान त्याच्या जोडीला निकदेमाचे नाव देतो. म्हणजे ज्याच्यामागे गालीलात गर्दी मावत नव्हती त्याच्या अंत्यविधीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती. आणि दुसरा शुभवर्तमानकार मार्क एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो: ज्या स्त्रिया गालीलापासून त्याच्याबरोबर आल्या होत्या, त्या लांबून पाहत होत्या. वधस्तंभाच्या वेळीही लांबून, आणि देह कोठे ठेवला तेही नुसते पाहत. त्या काही करू शकल्या नाहीत. फाटकाबाहेर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावरही आली होती.

म्हणूनच त्या रविवारी निघाल्या. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे यांनी शब्बाथ संपल्यावर सुगंधी द्रव्ये विकत घेतली आणि उजाडता उजाडता त्या वाटेला लागल्या. पुनरुत्थानाचा विचार त्यांच्या मनात असता तर देहाला लावण्यासाठी द्रव्ये घेण्यात पैसे कशाला घातले असते? त्यांना एवढेच करायचे होते की, आपल्या माणसाचा जो विधी नीट झाला नाही तो नीट करावा. वाटेत त्यांचे बोलणेही अगदी व्यवहाराचे आहे: ती धोंड फार मोठी आहे, ती आपल्यासाठी कोण लोटील? या चिंतेत ना भक्ती दिसते ना आशा. आणि इस्टर घडला तो या स्त्रियांच्या बाबतीत, त्या अशा अवस्थेत असताना.

पुढे तर मार्क आणखी कठोर आहे. त्याच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवट सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर होतो: कबर रिकामी आहे हे ऐकून त्या थरथर कापत पळाल्या आणि भ्यायल्यामुळे त्यांनी कोणालाही काही सांगितले नाही. पुढच्या ओव्या मागाहून जोडल्या गेल्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मला त्या जुन्या शेवटाचे नेहमी मोठे वाटत आले आहे. ज्याने हे लिहिले त्याला पुढे काय झाले ते ठाऊक होते, मंडळी उभी राहिली होती, तरीही त्या पहाटेची भीती त्याने झाकली नाही. इस्टरची बातमी कानावर पडूनही तोंडून शब्द न फुटलेल्या पहिल्या व्यक्ती त्या स्त्रिया आहेत. तुम्ही भांडी घासायला गेलात, त्या पळाल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी शिष्य दारे बंद करून बसले होते. ते भीतीपोटी बसले होते आणि आपण साथीपोटी, एवढा फरक आहे. पण उठलेला ख्रिस्त त्यांना दार उघडायला सांगत नाही, बाहेर का पडत नाही म्हणून रागावत नाही, तो आत येतो. आणि आल्यावर हात आणि कूस दाखवतो. हे वाक्य आपण दरवर्षी ऐकतो आणि त्यावरून पुढे जातो. मृत्यूला जिंकलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण राहिले आहेत. पुनरुत्थानाने शुक्रवार पुसून टाकलेला नाही. तेव्हा ‘आता इस्टर आला, आता डोळे पुसा’ असे जे कोणी तुम्हाला सांगतात ते शुभवर्तमानात नाही ते सांगत आहेत. सप्टेंबरमधील तो पाऊस, तो दोर, ते फाटक यांतले काहीही विसरण्याची अट या सणाला नाही.

थोमा या शिष्याचेही सांगते, कारण या रविवारी, ११ एप्रिलला, अनेक मंडळ्यांत त्याचाच उतारा वाचला जाईल. तो पहिल्या रविवारी तेथे नव्हता आणि बाकीच्यांच्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसला नाही. मला त्यात लक्षणीय वाटते ते हे की, तो आठवडाभर त्यांच्यातच राहिला. त्याला कोणी बाहेर काढले नाही आणि तोही उठून गेला नाही. दहा जण आनंदात आणि एक जण गप्प, अशी ती मंडळी आठ दिवस एका छताखाली होती. तुम्ही मंडळीत उभे राहून गाणे हा खोटेपणा ठरेल का, याचे माझे उत्तर यातून येते. गाता येत नसेल तर गाऊ नका, बसून राहा. तुमच्या वाटचे आई गाते आहे. ख्रिस्ती उपासना ही मंडळीची असते, आणि एखाद्याचा आवाज काही काळ बंद पडला तर बाकीच्यांनी तो भाग उचलायचा असतो. शिवाय इस्टर एका दिवसात संपत नाही. मंडळीच्या पंचांगात तो पन्नास दिवसांचा काळ आहे, यंदा २३ मेच्या पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत. आपल्याकडील काही मंडळ्या तो फारसा पाळत नाहीत, सोमवारपासून सगळे नेहमीसारखे सुरू होते. तुम्ही यंदा पाळा, तुम्हाला त्या दिवसांची गरज आहे.

आता मावशींच्या बोलण्याविषयी, आणि येथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे. एक्क्याण्णवावे स्तोत्र गेल्या वर्षभरात घराघरांत म्हटले गेले, दारांवर चिकटवले गेले, फोनवरून पाठवले गेले. मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही, असे त्यात आहे आणि भ्यालेल्या माणसाला त्याने धीर येतो. त्यासाठी ते जरूर म्हणावे. परंतु त्या स्तोत्राची विम्याची पॉलिसी करून, ज्याने हप्ते भरले तो वाचला आणि ज्याने चुकवले तो गेला, असा हिशेब मांडणे ही जुनी आणि घातक चूक आहे. त्या स्तोत्राचा असा वापर शास्त्रात एकदाच कोणी केला आहे आणि तो करणारा सैतान आहे. अरण्यातील परीक्षेच्या वेळी मंदिराच्या शिरोभागी येशूला उभे करून तो याच स्तोत्रातील ओव्या म्हणून दाखवतो आणि सांगतो, घे उडी, देवदूत तुला झेलतील. येशू उडी घेत नाही. प्रभू तुझा देव याची परीक्षा पाहू नको, असे उत्तर देतो. आणि तीन वर्षांनी तो वधस्तंभावर मरतो. स्तोत्र म्हटल्याने मरण टळते असा नियम असता तर तो सर्वांत आधी त्याला लागू झाला असता.

दुःखाचा किंवा मरणाचा संबंध त्या माणसाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या उणिवेशी जोडण्याचे काम येशूने स्वतः दोनदा थांबवले आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? त्याने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हाही, ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असेच त्याने सांगितले. मावशींना हे उतारे वाचून दाखवण्याच्या भरीस मात्र पडू नका. अशा बोलण्यामागे बहुधा क्रूरपणा नसतो, भीती असते. आपले घर वाचले त्याला काही कारण असलेच पाहिजे, नाही तर उद्या आपलीही पाळी येईल, हे त्या माणसाला सहन होत नाही. तुम्ही एवढेच म्हणा: ‘मावशी, पप्पांच्या जाण्याबद्दल असे पुन्हा माझ्यापुढे बोलू नका, मला त्रास होतो.’ हे आवाज न चढवता आणि एकदाच सांगा. पुढे विषय निघाला तर उठून जा.

आणि स्तोत्र म्हणायचेच असेल तर माझ्या मते तुमच्यासाठी या दिवसांत अठ्ठ्याऐंशीवे आहे. विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रे शेवटी कोठे तरी आशेकडे वळतात. हे वळत नाही, ते अंधारातच संपते. तरी ज्यांनी शास्त्र जतन केले त्यांनी ते वगळले नाही, त्याला जोड दिली नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्दही बाविसाव्या स्तोत्राचे आहेत. देवाकडे तक्रार करणे ही प्रार्थनाच आहे. मार्थेने लाजराच्या कबरेच्या वाटेवर येशूला तोंडावर सांगितले की, तुम्ही येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्यावर तो तिला रागावला नाही, आणि थोड्याच वेळाने, आपण काय करणार आहोत हे ठाऊक असूनही, तो रडला. पप्पांच्या बाबतीत तुमच्या मनात असे वाक्य असेल तर ते देवाला ऐकवा. घरात कोणी नसताना मोठ्याने ऐकवले तर अधिक चांगले.

साथीच्या काळातला इस्टर आपल्याच वाट्याला आलेला नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात मोठी मरी पसरली असताना तेथील बिशप डायोनिसियस यांनी इस्टरनिमित्त लिहिलेल्या पत्राचा भाग इतिहासकार युसेबियसने जपून ठेवला आहे. मिसर देशातील प्रथमजन्मलेल्यांच्या मरणाची आठवण देऊन ते लिहितात की, मेलेले माणूस नाही असे एकही घर उरलेले नाही, आणि एका घरात एकच असते तरी बरे झाले असते. त्याच पत्रात ते छळाचे दिवस आठवतात: शेत, अरण्य, गलबत, सराई, तुरुंग, जेथे असू तेथे आम्ही सण पाळला. ख्रिस्ती लोकांनी आजाऱ्यांची किती शुश्रूषा केली आणि इतरांनी कशी पाठ फिरवली, हे ते जरा अभिमानाने सांगतात. तेवढे मी बिशपांचे आपल्या माणसांवरचे प्रेम म्हणून सोडून देते. पण शुश्रूषा करणारे स्वतः मेले, उत्तम माणसे मेली, हे ते लपवत नाहीत, आणि त्यांच्या विश्वासात काही उणे होते असे तर अजिबात म्हणत नाहीत.

जवळचे उदाहरण हवे असेल तर पंडिता रमाबाईंचे आहे. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच, १८८२ मध्ये, पती कॉलऱ्याने गेले; पदरी लहानगी मनोरमा. बाप्तिस्मा त्यांनी १८८३ मध्ये घेतला, परंतु आपल्याला धर्म मिळाला आणि प्रत्यक्ष ख्रिस्त त्यानंतर कितीतरी वर्षांनी सापडला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. इतक्या मोठ्या बाईंना इतका काळ लागला. तुमचे तर सात महिनेही झालेले नाहीत. आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेग असताना त्या नुसत्या प्रार्थना करत बसल्या नाहीत, प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची जी परवड होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले.

आता काय करावे, याकडे येते. जे काम त्या तीन स्त्रिया करायला निघाल्या होत्या तेच तुम्ही करा: अपुरा राहिलेला विधी पुरा करा. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांमुळे दिवसा पाचपेक्षा अधिक लोकांना एकत्र येता येत नाही आणि शनिवार-रविवारी टाळेबंदी आहे, म्हणून आठवड्यातील एखाद्या सकाळी तुम्ही, आई, मुलगा आणि जमल्यास पाळकसाहेब एवढेच जा, मास्क लावून, अंतर ठेवून. त्याआधी पाळकसाहेबांना फोन करून स्पष्ट सांगा की, दफनविधीतील जे वाचन आणि ज्या प्रार्थना त्या दिवशी राहिल्या त्या आम्हाला हव्या आहेत. बहुतेक पाळकांच्या मनाला त्या दिवसांतील ती घाईची दफने लागून राहिलेली आहेत, ते नाही म्हणणार नाहीत. नेहमीच्या क्रमाने सगळे होऊ द्या आणि मूठमाती द्या. उशिरा दिलेली मूठमाती चालते की नाही याची चिंता करू नका. ती राहिलेल्यांसाठी असते. पाळकांना येता आले नाही तर प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातील पुनरुत्थानाविषयीचे शब्द तुम्ही स्वतः वाचा. वर्गात रोज वाचता तसे.

येथे दुसऱ्या वाचकांसाठीही एक वाक्य घालते, कारण मुंबईतील काही कुटुंबांना हा सल रात्री झोपू देत नाही की, त्या गोंधळाच्या दिवसांत आपल्या माणसाचे दफन न होता दहन झाले. गेल्या वर्षी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कोविडने गेलेल्यांच्या दफनाला असलेली हरकत फेटाळली, तोवर काहींच्या बाबतीत व्हायचे ते होऊन गेले होते. १७७ साली आजच्या फ्रान्समधील लियॉन येथे ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत टाकली गेली, ती याच हेतूने की, यांना आता पुनरुत्थानाची आशा उरू नये. मंडळीने त्या युक्तिवादाला तेव्हाही भीक घातली नाही. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याचे काम राखेपाशी अडत नाही.

वहीविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी सांगते. ती एकदम सगळी चाळू नका. या पन्नास दिवसांत एखाद्या दिवशी आईबरोबर बसून कोणतेही एक पान उघडा आणि पप्पांनी त्यावर कोणता राग, कोणता ताल लिहिला आहे तेवढे वाचा. गायची घाई नाही. आई त्या गीताची काही आठवण सांगेल, ती ऐका. तुमच्या पत्रात आई खंबीर दिसते, पण जिच्या आयुष्यातील जोडीदार गेला ती बाई इतक्या ठामपणे ‘खरोखर उठला आहे’ म्हणते तेव्हा कधी कधी ती स्वतःलाच ते ऐकवत असते. तुम्ही दोघी एकमेकींपासून आपापले रडणे लपवत आहात, अशी मला शंका आहे.

आईंच्या लसीचे मात्र लांबणीवर टाकू नका. १ मार्च २०२१ पासून साठीवरील सर्वांना आणि या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पंचेचाळिशीवरील सर्वांना लस खुली झाली आहे, आणि सध्या जी लाट आली आहे तिच्यात थांबण्यासारखे काही नाही. त्या उपदेशकांशी वाद घालून आई ऐकणार नाही. तिला प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांचे सांगा. १५२७ मध्ये जर्मनीतील विटेनबर्गमध्ये प्लेग आला असताना, साथीतून पळून जावे का, या प्रश्नावर त्यांनी एक पत्र लिहिले. ते स्वतः तेथेच राहिले, आजाऱ्यांना त्यांनी घरात घेतले, आणि तरीही त्या पत्रात त्यांनी लिहिले की, मी देवाची प्रार्थना करीन, घर धुरी देऊन स्वच्छ करीन, औषध घेईन आणि देईन, आणि जेथे माझी गरज नाही तेथे जाणार नाही, म्हणजे माझ्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव जाऊ नये. औषध टाळून देवावर भिस्त ठेवणाऱ्यांविषयी त्यांनी जे लिहिले त्याचा सारांश असा की, हा विश्वास नव्हे, ही देवाची परीक्षा पाहणे आहे. म्हणजे मंदिराच्या शिरोभागावरून उडी मारण्याचीच गोष्ट. आई पाळकसाहेबांचे ऐकत असेल तर त्यांनाच तिच्याशी बोलायला सांगा, आणि त्यांनी स्वतः लस घेतली असेल तर ते आवर्जून सांगायला लावा. मग आधार कार्ड घेऊन सकाळी लवकर केंद्रावर न्या. उन्हात रांगेत उभे करू नका.

तुम्ही स्वतः कशी झोपता, जेवता, वर्गात शिकवताना मन लागते का, याविषयी पत्रात एक शब्दही नाही. महिनोन्महिने झोप नसेल, सकाळी उठण्यात अर्थ वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर त्यावर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा, आणि तो लवकर हवा. त्यात लाजण्यासारखे किंवा अविश्वासाचे काही नाही. लसीबद्दल आईला जे सांगणार आहात ते स्वतःलाही लावा.

राहिला मुलाचा प्रश्न. तो सर्वांत सरळ आहे आणि मोठी माणसे त्यालाच बगल देतात. ‘आजोबा तारा झाले’ किंवा ‘देवाला चांगली माणसे हवी असतात’ असे त्याला सांगू नका. पहिले खरे नाही आणि दुसऱ्याने त्याला देवाची भीती बसेल. त्याला सांगा की, हो, आजोबा उठतील असे आपण मानतो, येशूचे उठणे ही त्याची सुरुवात आहे; पण बाकीच्यांचे कधी, ते कोणालाही सांगितलेले नाही, आणि तोवर आजोबांची आठवण येऊन रडायला आले तर रडायचे, आईपण रडते. थेस्सलनीकाच्या मंडळीला नेमकी हीच अडचण पडली होती, त्यांची माणसे वाट पाहता पाहता मरत होती. पौलाने त्यांना शोक करू नका असे लिहिले नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका एवढेच लिहिले. मुलासमोर तुम्हाला ‘आपण मानतो’ म्हणणे जड जात असेल तर ‘आजोबा असे मानत’ असे म्हणा. ते तर पूर्ण खरे आहे, आणि सध्या तेवढ्यावर भागेल.

त्याचे पुढचे प्रश्न मी आताच ओळखू शकते: कोणत्या शरीराने उठतील, म्हातारे असतील की तरुण, पेटी असेल का? करिंथकरांनीही पौलाला असेच विचारले होते, आणि पौल आधी ‘मूढा’ म्हणून खेकसला आणि मग बियाण्याचे उदाहरण देऊन समजावत बसला. तुम्ही तो खेकसण्याचा भाग गाळा. त्याला हवे तेवढे विचारू द्या, आणि जेथे उत्तर येत नसेल तेथे येत नाही म्हणून सांगा. शिक्षिकेच्या मुलाला तेही कधी तरी ऐकायला मिळाले पाहिजे.

तुमची ताई